पाठ फिरवून बसलेले सर

सर, तुमच्या तेरवीला मी जेवले नाही. वहिनींनी दोनदा आग्रह केला, पंगतीत जागाही धरून ठेवली होती. लोकांना वाटलं, दुःखानं घास उतरत नसेल. दुःख होतंच. पण मी उठून गेले ती रागानं. तुमच्या फोटोला हार घातला होता, समोर उदबत्ती जळत होती आणि मला त्या फोटोशी भांडायचं होतं. चार माणसांत ते बरं दिसलं नसतं, म्हणून इथं लिहिते. क्रमानं लिहिते. क्रमाशिवाय मला रागही नीट येत नाही, हे तुम्हीच म्हणायचा.

एकोणीस वर्षं आपण एका शाळेत होतो. तुम्ही खेळ शिकवायचा, मी गणित. मुलींचा संघ बाहेर न्यायचा तर सोबत एक शिक्षिका लागते, म्हणून पहिल्याच वर्षी मुख्याध्यापकांनी माझं नाव टाकलं आणि नंतर ते कोणी काढलंच नाही. मला धावण्यातलं काहीच कळत नव्हतं. याद्या करता येत होत्या. जन्मदाखले, ओळखपत्रं, सेफ्टी पिना, ग्लुकोज, पॅड, जास्तीच्या लेस, परतीच्या एसटीच्या वेळा. पहिल्या स्पर्धेला निघताना तुम्ही माझा कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचलात आणि म्हणालात, "मॅडम, ह्याच्यात फक्त पोरी लिहाच्या राहिल्या."

मी हसले नाही. खरंच राहिल्या होत्या. मी पेन काढून चार नावं लिहिली, तेव्हा तुम्ही हसलात.

पुढं मी शिकले. तीन हजार मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या, पंधराशे म्हणजे पावणेचार. दोन्ही शर्यती एकाच दिवशी, मध्ये जेमतेम अडीच तास. जिल्ह्याच्या मैदानावर मुलगी जिंकते ती त्या अडीच तासांत, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग मी त्या अडीच तासांची यादी केली. दरवर्षी सुधारत गेले. सव्वाआठला शर्यत संपली की बसायचं नाही, मैदानाबाहेरून सावकाश दोन फेऱ्या चालायच्या. साडेआठला कोरडा बनियन आणि ओला दुपट्टा मानेवर. मग लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, घटाघटा नाही, घोट घोट. नऊला केळं आणि मूठभर मुरमुरे गुळासोबत. सव्वानऊला भिंतीला पाय लावून आडवं व्हायचं. पावणेदहाला संडास. दहाला नंबर पुन्हा नीट लावायचा. दहा वाजून दहाला हलकं धावणं, साडेदहाला हजेरी, पावणेअकराला शर्यत.

तुम्हाला सगळं मान्य होतं, एक सोडून. दरवर्षी तेच. "हे सव्वानऊ ते पावणेदहा आहे ना, त्यातले वीस मिनिटं कोरे ठेवा. काहीच नोका लिहू. पायही वर नोको, मालिशही नोको, गोष्टीही नोको."

"मग त्या वेळात करायचं काय?"

"तेच तर. काही नाही कराचं."

मी लिहायचेच. कोरी जागा माझ्या डोळ्यांत खुपते. आणि तुम्ही त्या वेळात काय करायचा? मुलीपासून दोन हातांवर बसायचा, तिच्याकडे पाठ करून. थाळीफेक बघत. मी धावपळ करत पिना शोधायचे, बाटल्या भरायचे आणि तुम्ही पाठ फिरवून थाळीफेक बघत बसायचा. किती वेळा बोलले असेन मी. "सर, तिच्याकडे तोंड करून तरी बसा. तिला वाटेल, तुम्हाला तिची काही पडलेली नाही." तुम्ही म्हणायचा, "बरं मॅडम," आणि तसेच बसून राहायचा.

आता आठवतं ते सांगते. माझे बाबा भंडाऱ्याला दवाखान्यात होते, तेव्हा तुम्ही शाळा सुटल्यावर आलात. बाकी सगळे येऊन समोर बसून विचारायचे, डॉक्टर काय म्हणाले, रिपोर्ट काय आला. मी वहीत बघून तारखेसह उत्तरं द्यायचे. तुम्ही आलात, बाकावर बसलात आणि माझ्याकडे पाठ करून समोरच्या भिंतीवरची लसीकरणाची पाटी वाचायला लागलात. तासभर. किती वेळा वाचली असेल ती पाटी. मग मी तुमच्या पाठीला म्हणाले, "सर, मला हे जमणार नाही." तुम्ही वळला नाहीत. म्हणालात, "नोको जमू देऊ. चहा आणतो."

त्या चहाबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आज मानते. पण यानं राग कमी झाला असं समजू नका.

आता मागचं वर्ष.

प्रणाली धावत होती. आपल्याला एकोणीस वर्षांत मिळालेली सगळ्यात चांगली मुलगी. चार वर्षं तुम्ही तिला तयार केलं, रोज पहाटे, भाताच्या रोवणीच्या चिखलात रस्ता बंद असेल तर कालव्याच्या पाळीवर. तीन हजारात ती पहिली आली. दुसरीला ऐंशी मीटर मागं टाकून. पंधराशे तर तिची खरी शर्यत. तिचे बाबा गावातली दहा-बारा माणसं छोट्या मालवाहू गाडीत बसवून घेऊन आले होते आणि सोबत आलुबोंड्यांची पिशवी. मी ती पिशवी ताब्यात घेतली आणि दुसऱ्या शर्यतीनंतर मिळेल म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, पोरगी दोन मेडल घेऊन येन, तवाच गाडी गावात शिरन."

यादीतल्या सगळ्या ओळींवर खूण झाली होती. सव्वानऊला ती भिंतीला पाय लावून आडवी झाली, तोंडावर दुपट्टा. तुम्ही दोन हातांवर, पाठ करून. मी पंचांच्या टेबलाकडे गेले, कारण पहिल्या शर्यतीच्या निकालाचा कागद विभागीय स्पर्धेच्या अर्जाला लागणार होता आणि तो कुणाला सापडत नव्हता. पाऊण तास गेला. परत आले तर बूट पिशवीत, नंबर काढलेला, प्रणाली गुडघ्यांत डोकं घालून रडत होती.

"काय झालं?"

"थे नाही धावत," तुम्ही म्हणालात. "नाव काढून आलो मी."

"काहून?"

मीही इकडच्याच, करडीकडच्या खेड्यातली, सर. रागात माझी भाषा घरी जाते.

"माझ्या मनानं."

मी पळत टेबलाकडे गेले. एकदा काढलेलं नाव परत घालता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. नियम बरोबर होता. मी तो आधीच वाचलेला होता, तरी विचारलं. पावणेअकराला शर्यत सुटली. जी पहिली आली तिची वेळ प्रणालीच्या सरावातल्या वेळेपेक्षा अकरा सेकंदांनी जास्त होती. माझ्या वहीत आहे.

तिचे बाबा तुमच्यासमोर येऊन उभे राहिले. "मास्तर, पोरगी पहिली येऊन राहिली होती. तुमी काहून असं केलं?" तुम्ही खाली बघून माझ्या सामानातली आलुबोंड्यांची पिशवी त्यांच्या हातात दिलीत. म्हणालात, "पोरीले खाऊ घाला, भूक लागली असन तिले." तो माणूस तुम्हाला मारेल असं मला वाटलं. मारलं नाही. पण गावात वर्षभर चहाच्या टपरीवर तुमचं नाव निघालं की कोणीतरी म्हणायचं, "ह्या मास्तरनं पोरीचं मेडल खाल्लं." तुम्ही त्याच टपरीवर चहा प्यायचा. कप भिरकावायचा सोडून प्यायचा.

आणि मी काय केलं, तेही क्रमानं. स्पर्धेचा अहवाल मीच लिहिते. त्यात लिहिलं, "क्रीडाशिक्षकांनी कोणतेही कारण न देता विद्यार्थिनीचे नाव मागे घेतले." मुख्याध्यापकांनी तुमच्याकडून लेखी खुलासा मागितला. तुम्ही पूर्ण कागदावर दोन शब्द लिहिलेत. "निर्णय माझा." खाली सही. मी तो कागद दोन भोकं पाडून फाईलला लावला. त्यानंतर वर्षभर मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. नमस्कार, हजेरी, वेळापत्रक. डबा वेगळ्या टेबलावर. तुम्ही रोज विचारायचा, "मॅडम, आज भाजी काय?" आणि मी म्हणायचे, "आहे काहीतरी."

तेरवीच्या दिवशी पंगत बसायच्या आधी प्रणाली माझ्याजवळ आली. मांडवाच्या मागं, पाण्याच्या ड्रमाजवळ. तिनं काय सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे, कारण वर्षभर ते फक्त तुम्हा दोघांनाच माहीत होतं.

"मॅडम, मागच्या वर्षी मीच नोको म्हटलं होतं."

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "सर तिकडं तोंड करून बसले होते. मी म्हटलं, सर, मले नाही धावाचं. सर वळले नाही. थोड्या वेळानं म्हणाले, पक्कं? मी म्हटलं, पक्कं. पण बाबाले नोका सांगू, मॅडमले नोका सांगू. सर उठून गेले अन् नाव काढून आले."

"पाय दुखत होते का? पोट?"

"नाही."

"मग?"

"नोको वाटलं, मॅडम. एवढे माणसं आलते. मले नोको वाटलं."

मी पंगतीतून उठले ते यामुळं.

सर, वर्षभर. एक वर्षभर तुम्ही मला चुकीच्या समजात राहू दिलंत. टपरीवर लोक तुम्हाला चोर म्हणत होते, माझा अहवाल फाईलमध्ये होता, मी तुमच्यासमोर बसून वेगळा डबा खात होते आणि तुम्ही भाजी विचारत होता. मुलीला दिलेला शब्द पाळलात, हे मला समजतं. पण मी काय गावभर बोंबलत फिरणारी बाई आहे? एकोणीस वर्षांत माझ्याकडून कुणाची एक गोष्ट बाहेर गेली? मला सांगायला काय झालं होतं?

लिहिता लिहिताच उत्तर येतं आणि त्याचाच जास्त राग येतो. तुम्ही सांगितलं असतं तर मी तिला धावायला लावलं असतं. मी म्हणाले असते, 'नको वाटलं' हे काय कारण आहे? चार वर्षांची पहाट, बारा माणसांची गाडी, अकरा सेकंद. मी तिचे बूट बाहेर काढले असते, नंबर लावला असता आणि ती धावली असती, कारण मला नाही म्हणायला माझ्या यादीत वेळच नव्हता. तुम्हाला हे माहीत होतं. म्हणून तुम्ही मला निकालाचा कागद शोधू दिलात.

तरीही मला ते पटलेलं नाही. हे भांडण अजून संपलेलं नाही, असं समजा. सोळा वर्षांच्या मुलीनं घाबरून नको म्हटलं तर तिला जरा ढकलायचं असतं. ती शर्यत तिची झाली असती. पुढं विभागात ती तीन हजारात सातवी आली, पंधराशेत तिची वेळ चालली असती. तुम्ही म्हणाला असता, "चालली असती, मॅडम, पण थे नसती चालली." मी म्हणाले असते, हे नुसतं बोलायला बरं. तुम्ही म्हणाला असता, "बरं मॅडम." आणि तुम्ही तेवढ्यावर निघून गेलात.

निघून गेलात म्हणजे काय, तेही लिहायला हवं. रोवणीच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही रविवारी एकोडीला घरच्या शेतात होता. सोमवारी शाळेत. मंगळवारी मैदानावर स्वतः चुना टाकून रेषा मारल्यात, पावसानं पुसल्या होत्या म्हणून. मंगळवारी दुपारी शिक्षकखोलीत आलात, माझ्यासमोरच्या बाकावर बसलात. घाम होता. म्हणालात, "मॅडम, बसू का थोडा वेळ इथं?"

वर्षभरात तुम्ही असं विचारलं नव्हतं. मी तुमच्याकडे बघितलं. सरळ तोंडाकडे. म्हणाले, "बसा. बसलाच आहात तर या तीन कागदांवर सह्या करून द्या, तालुक्याला पाठवायचेत." तुम्ही सह्या केल्यात. तिसरी सही जरा वाकडी आहे. मी ती तेव्हाच पाहिली होती. मग तुम्ही उठलात.

बुधवारी सकाळी दारात चपला घालता घालता तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत. डॉक्टर वहिनींना म्हणाले, दोन-तीन दिवस त्रास होत असणार. वहिनी मला विचारत होत्या, शाळेत काही बोलले होते का. मी म्हणाले, नाही. खरं होतं ते. पोरींना नको म्हणायला तुम्ही वीस-वीस मिनिटं दिलीत. स्वतःचं एक नको तुमच्या तोंडून निघालं नाही. छातीत दुखतंय, चुना नाही टाकत, एवढं म्हणायला काय जड होतं? कुणी तुमचं मेडल काढून घेणार होतं?

परवा स्पर्धा झाली. तुमच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, म्हणून मी एकटीच मुलींना घेऊन गेले. प्रणाली दोन्ही शर्यतींत होती. तीन हजारात दुसरी आली. चालली, बनियन बदलला, पाणी घोट घोट, केळं, मुरमुरे. सव्वानऊ वाजले. यादीत मी या वर्षी तिथं काही लिहिलं नव्हतं. एक ओळ कोरी सोडली होती आणि ती मला सकाळपासून खुपत होती.

ती आडवी झाली. मी तिच्यासमोर बसले. दोन मिनिटांत ती म्हणाली, "मॅडम, तुमी पाहून नोका राहू ना माझ्याकडं."

मी वळले. पहिल्यांदाच तुमच्यासारखी बसले. समोर थाळीफेक चालली होती. मला त्यातलं काही कळत नाही. हातात कागद नव्हता, पेन नव्हतं. विचारायचं इतकं होतं की मान आखडली. तहान आहे का, पाय कसे आहेत, धावणार आहेस ना. सर, हे सोपं नाही. तुम्ही ते आळसानं करत होता असं मला एकोणीस वर्षं वाटत होतं.

मग मागून आवाज आला. "मॅडम, मले भेव वाटते."

मी वळले नाही. "वाटू दे."

समोर तीन थाळ्या पडल्या. मग ती म्हणाली, "धावीन मी."

धावली. तिसरी आली. विभागात पहिल्या दोघी जातात. तिचे बाबा या वर्षी एकटेच आले होते. ते म्हणाले, "मागच्या वर्षी मास्तरनं धावू दिली असती तर..." आणि प्रणाली तिथंच, धापा टाकत, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सरले नोका बोलू बाबा. मागच्या वर्षी मीच नोको म्हटलं होतं. सरनं माझ्यासाठी खाल्ल्या शिव्या."

बाबा तिच्याजवळ गेले. तिच्या हातातली बाटली घेतली, झाकण उघडून तिला दिली. मग आम्ही तिघं मैदानाच्या कडेला उभे राहिलो. जरा वेळानं ते म्हणाले, "टपरीवर मीच सांगतो आता."

काल मी फाईल काढली. अहवाल फाडता येत नाही, त्याला जावक क्रमांक आहे. तुमच्या 'निर्णय माझा'च्या खाली मी तारीख घालून लिहिलं, "निर्णय विद्यार्थिनीचा होता. क्रीडाशिक्षकांनी तो ऐकला. अहवालातील माझे विधान चुकीचे होते." सही केली. मुख्याध्यापकांची घेतली. तुमचं नाव आता स्वच्छ आहे, कागदावर आणि टपरीवरही.

यादीत कोरी ओळ राहील. मान्य, सर. तुमचं बरोबर होतं असं मी अजून म्हणत नाही, पण ओळ राहील.

माझं मात्र एकच राहिलंय. त्या मंगळवारी तुम्ही माझ्यासमोर बसलात, तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते आणि माझ्या हातात तीन कागद होते. कागद बाजूला ठेवून मी खिडकीकडे तोंड करून बसले असते, तर तुम्ही काही बोलला असता का?